निर्गुडीचा पाला आणि वेदनेचे मोजमाप



निर्गुडीचे झुडूप ज्याने कधी पाहिले नाही असा मनुष्य आपल्या भागात विरळाच. ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, घराच्या कुंपणाला ती आपोआप वाढते. हाताच्या पंजाप्रमाणे पसरलेली तीन किंवा पाच पाने, वरून हिरवी व खालून पांढुरकी. टोकाला निळसर जांभळ्या फुलांचा तुरा. आणि पान चुरगाळताच येणारा तो उग्र वास. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणाला ती बरी. पुष्कळ घरांत तिचा वाळलेला पाला धान्याच्या कणगीत कीड लागू नये म्हणून घालतात. बेळगावकडील कानडी शेजारी तिला ‘लक्की’ म्हणतात, बडोद्याकडे ती ‘नगोड’ होते, हैदराबादेत तेलुगू लोक तिला ‘वाविली’ म्हणतात, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजूस ‘सम्हालू’ हे नाव चालते. नावे निराळी, परंतु तिचा एक उपयोग सर्वत्र सारखाच सांगितला जातो. गुडघा धरला, कंबर आखडली, पाय मुरगळला की निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधावा, किंवा पाण्यात उकळून त्या पाण्याने शेकावे.

हा उपयोग काही आजकालचा नव्हे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत निळ्या फुलांची निर्गुंडी व पांढऱ्या फुलांचा सिंदुवार असे भेद केलेले आहेत, आणि वातविकारांवर व सुजेवर या वनस्पतीची योजना सांगितली आहे. गोमंतकाचा तर तिच्याशी एक विशेष संबंध आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला व गोव्यात स्थायिक झाला. येथील औषधी द्रव्यांविषयी त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात ‘नेगुंदो’ या वनस्पतीवर एक स्वतंत्र संवाद आहे. ‘नेगुंदो’ म्हणजे आपली निर्गुंडीच. पुढे १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा या झुडपाला ‘व्हायटेक्स नेगुंदो’ असे नाव मिळाले. आपल्या लोकांच्या तोंडचा शब्द अशा रीतीने जगाच्या वनस्पतिशास्त्रात कायमचा नोंदला गेला.

इतक्या पिढ्यांनी, इतक्या प्रांतांत ज्या पाल्यावर विश्वास ठेवला, त्याची आणखी परीक्षा कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. “आमच्या आजीला गुण आला” हा पुरावा पुरेसा नाही काय? आजीला बरे वाटले यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, तिला बरे वाटले ते निर्गुडीमुळे, की आणखी कशामुळे?

या प्रश्नाचा थोडा बारकाईने विचार करू. पहिली गोष्ट अशी की, बहुतेक दुखणी भरती-ओहोटीप्रमाणे चढतात व उतरतात. मनुष्य औषध केव्हा शोधतो? वेदना असह्य झाली म्हणजे. आणि भरतीच्या टोकाला पोचलेले पाणी जसे ओसरणारच, तशी कळसाला पोचलेली वेदनाही काही केले नाही तरी पुष्कळदा उतरते. त्या वेळी जे हाताशी असेल त्याला श्रेय मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता. आखडलेल्या स्नायूंना नुसत्या गरम पाण्याच्या पिशवीनेही आराम पडतो. पाला गरम करून बांधला तर गुण पाल्याचा की तव्याचा, हे वेगळे कसे करावयाचे? तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. घरातील कोणी प्रेमाने पाला तोडून आणतो, शेकतो, जवळ बसतो. दुखणाऱ्याला धीर येतो, आणि धीर आला म्हणजे वेदना खरोखरच कमी भासते. हे ढोंग नव्हे. वेदनेचा बोध मेंदूत होतो, आणि मनाची अवस्था त्या बोधावर परिणाम करते.

या तिसऱ्या कारणाकडे जगाचे लक्ष वेधण्याचे श्रेय हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टराकडे जाते. १९५५ साली त्याने पंधरा चाचण्यांतील १,०८२ रोग्यांची माहिती एकत्र केली व असे दाखविले की, ज्यात औषधाचा अंशही नाही अशा पोकळ गोळीनेही सरासरीने सुमारे ३५ टक्के रोग्यांना समाधानकारक आराम वाटला. नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यावर आक्षेप घेतले. आपोआप ओसरलेली दुखणीही त्यात जमेस धरली गेली, असे त्यांचे म्हणणे. परंतु दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातून आपल्याला मिळणारा धडा एकच आहे. केवळ “घेतले आणि बरे वाटले” एवढ्यावरून कोणत्याही औषधाचा न्याय करता येत नाही. मग ते औषध परसातले असो की विलायती बाटलीतले.

मग न्याय करावा कसा? त्याचे काही टप्पे आहेत, व ते एकामागून एक असे चढावे लागतात.

पहिला टप्पा ओळखीचा. बाजारात ‘निर्गुडी’ म्हणून जे मिळते ते निर्गुडीच असेल याचा भरवसा नाही. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ आधी फांदी, पाने व फुले पाहून झाडाची ओळख पटवितो आणि तिचा वाळविलेला नमुना संग्रहात जपून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर पडताळा पाहता येईल. नंतर अर्क काढावयाचा. येथे एक गंमत आहे. पाण्यात उकळले तर पानातील काही द्रव्ये उतरतात, मद्यार्कात भिजविले तर दुसरी. निर्गुडीच्या पानात सुगंधी तेल आहे, कॅस्टिसिनसारखी पिवळसर द्रव्ये आहेत, अग्नुसाइड व नेगुंदोसाइड नावाची कडवट द्रव्ये आहेत. यांपैकी कशाचे प्रमाण किती येईल, हे अर्क कसा काढला, पान कोवळे की जून, यावर अवलंबून राहते. तेव्हा ‘निर्गुडीने वेदना शमते’ हे विधानच अपुरे आहे. कोणत्या पानांचा, कशात काढलेला, किती अर्क, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

दुसरा टप्पा प्राण्यांवरील प्रयोगांचा. उंदीर बोलत नाही. मग त्याची वेदना मोजावयाची कशी? यासाठी शास्त्रज्ञांनी काही रीती बसविल्या आहेत. १९४१ साली द’अमूर व स्मिथ यांनी अशी युक्ती काढली की, उंदराच्या शेपटीवर दिव्याचा प्रखर झोत एकवटावयाचा आणि तो शेपूट झटकन बाजूला घेईपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावयाचे. वेदनाशामक दिल्यावर हा वेळ वाढतो. १९४४ साली वुल्फ व मॅक्डोनल्ड यांनी तापविलेल्या पत्र्याची रीत प्रसिद्ध केली. सामान्यतः सुमारे ५५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पत्र्यावर उंदीर ठेवला असता तो पाय चाटतो किंवा उडी मारतो. तोपर्यंतचा वेळ मोजतात. पायाला इजा होऊ नये म्हणून ठराविक सेकंदांनंतर त्याला उचलून घ्यावेच लागते. तिसऱ्या रीतीत पोटात सौम्य अॅसेटिक आम्ल टोचतात व उंदीर किती वेळा अंग ताणून पिळवटतो ते मोजतात. पहिल्या दोन रीतींत मज्जारज्जू व मेंदू यांच्यावर काम करणारी, मॉर्फिनसारखी औषधे उठून दिसतात. तिसऱ्या रीतीत ॲस्पिरिनसारखी, जेथे दुखते तेथेच काम करणारी सौम्य औषधेही ओळखू येतात.

हे ऐकताना आपणांपैकी कित्येकांना त्या मुक्या जिवांची कणव येईल, आणि ती यावयासच पाहिजे. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. असे प्रयोग करण्यापूर्वी समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि कमीत कमी प्राणी व कमीत कमी यातना हे बंधन पाळावे लागते. प्रयोग ढिसाळ केला तर त्या प्राण्यांचे दुःख फुकट जाते. प्रयोग नीट करणे हे त्यामुळे केवळ शास्त्राचे नव्हे, तर दयेचेही मागणे आहे.

नीट म्हणजे कसा? प्राण्यांचे चार-पाच गट करावयाचे. एका गटाला नुसता द्राव, एकाला मॉर्फिन किंवा ॲस्पिरिनसारखे परिचित औषध, आणि उरलेल्यांना अर्काच्या चढत्या मात्रा. मात्रा वाढली तसा परिणामही वाढला तर तो योगायोग नसावा असा विश्वास येतो. मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला काय दिले हे माहीत नसावे. कारण मनुष्य प्रामाणिक असला तरी त्याच्या आशेचा अंगठा घड्याळाची कळ दाबताना नकळत घाई किंवा उशीर करतो. आणखी एक मेख आहे. अर्काने उंदराला गुंगी आली, तर तो पत्र्यावरून पाय उचलणार नाहीच! वेदना गेली की हालचाल गेली? म्हणून त्याच उंदराला फिरत्या दांड्यावर तोल सांभाळावयास लावून त्याचे स्नायू व शुद्ध ठीक आहेत की नाही हे वेगळे पाहतात.

निर्गुडीच्या बाबतीत ही शंका मुळीच काल्पनिक नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निर्गुडीच्या पानांच्या मिथेनॉलमधील अर्काने उंदरांची वेदना कमी झालेली दिसली. पण त्याबरोबर झोपेच्या औषधाने आलेली त्यांची झोपही लांबली, म्हणजे अर्काने मज्जासंस्था मंदावलेली दिसली. २००३ साली श्रीलंकेतील संशोधकांनी जून झालेल्या ताज्या पानांचा पाण्यातील अर्क उंदरांना पाजला. तेथे या झाडाला ‘निक’ म्हणतात. त्यांना सूज व वेदना दोन्ही उतरलेली आढळली. २००५ साली भारतात झालेल्या एका अभ्यासात मद्यार्कातील अर्काची परीक्षा शेपटीच्या व पोटातील आम्लाच्या अशा दोन्ही रीतींनी केली गेली. दोहोंत मात्रेगणिक परिणाम वाढत गेला. इतकेच नव्हे, तर एकटी काही न करणारी अशी अल्प मात्राही पेथिडिन व ॲस्पिरिन यांचा परिणाम वाढविताना दिसली.

या शेवटच्या अभ्यासात एक सुंदर पडताळा होता. नॅलॉक्सोन नावाचे एक द्रव्य आहे. अफूतून निघणारे मॉर्फिन शरीरातील ज्या कुलपात किल्लीप्रमाणे बसते, त्या कुलपात नॅलॉक्सोन आधीच जाऊन बसते व मॉर्फिनला वाव ठेवीत नाही. आता निर्गुडीचा गुण जर मॉर्फिनच्या मार्गाने येत असेल, तर नॅलॉक्सोनने तो नाहीसा व्हावयास हवा. तो नाहीसा झाला नाही. निर्गुडीची वाट अफूहून निराळी असावी, असे अनुमान त्यावरून निघाले. अफूच्या वाटेवर व्यसनाची खाई आहे हे लक्षात घेतले, म्हणजे या छोट्याशा प्रयोगाचे महत्त्व कळून येते.

एवढ्यावर “शास्त्राने निर्गुडी सिद्ध केली” अशी जाहिरात करणारे पुष्कळ आहेत. येथेच आपण थांबून विचार केला पाहिजे. उंदराला टोचलेला किंवा पाजलेला दाट अर्क आणि आपल्या गुडघ्यावर बांधलेला गरम पाला या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय पत्र्याचा चटका क्षणभराचा असतो. सांध्याची झीज वर्षानुवर्षे ठणकत राहते. उंदरावर उतरलेले किती तरी पदार्थ माणसांवरील परीक्षेत नापास झाले आहेत. म्हणून तिसरा टप्पा टाळता येत नाही, आणि तो माणसांवरील चाचणीचा.

या टप्प्याचे धडे युरोपातील विलो नावाच्या झाडापासून घ्यावेत. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले की, विलोची साल भट्टीच्या उबेवर वाळवून तिची पूड सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिली व गुण आला. सालीतील कडू सार १८२८ च्या सुमारास वेगळे झाले. त्याचे नाव सॅलिसिन. १८७६ साली स्कॉटलंडमधील डॉक्टर मॅक्लॅगन याने ते संधिवातज्वराच्या रोग्यांना दिले. त्याआधी ते त्याने स्वतः घेऊन पाहिले होते. १८९७ साली जर्मनीत त्याच कुळातील ॲस्पिरिन शुद्ध रूपात तयार झाले. आणि हे औषध वेदना कमी करते तरी कसे, याचा उलगडा १९७१ साली जॉन व्हेन याने केला. दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात व ठणका वाढवितात. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते. १९८२ चे नोबेल पारितोषिक व्हेनला या विषयातील कामासाठी विभागून मिळाले. स्टोनच्या पत्रापासून व्हेनच्या उलगड्यापर्यंत २०८ वर्षे गेली!

परंतु खरा धडा पुढेच आहे. खुद्द विलोच्या सालीची, म्हणजे मूळ झाडपाल्याची, नीट चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. कंबरदुखीचे २१० रोगी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे तीन समान गटांत वाटले. एका गटाला रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिन असलेला अर्क, दुसऱ्याला १२० मिलिग्रॅमचा, तिसऱ्याला पोकळ गोळी. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरालाही नाही. चौथ्या व शेवटच्या आठवड्यात वेदनामुक्त झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३९, २१ व ६ टक्के आढळले. किती स्पष्ट निकाल! परंतु २००४ साली गुडघा व खुबा यांच्या झिजेने त्रासलेल्या रोग्यांवर तोच अर्क रोज २४० मिलिग्रॅम सॅलिसिनच्या मात्रेत देऊन पाहिला, तेव्हा तो पोकळ गोळीहून निश्चितपणे सरस ठरला नाही; त्याच चाचणीत डायक्लोफेनॅक हे नेहमीचे औषध मात्र सरस ठरले. एकच झाड, तीच मात्रा. परंतु एका दुखण्यावर उतरले, दुसऱ्यावर नाही. ‘सांधेदुखीवर रामबाण’ असे शब्द आपण किती सहज वापरतो, याचा विचार या दोन चाचण्या शेजारी ठेवून करावा.

निर्गुडीच्या शेकाची अशी चाचणी करावयाची झाली तर काय करावे लागेल? मी शिक्षक असल्यामुळे हा प्रश्न वर्गातील मुलांसमोर ठेवावा असे मला नेहमी वाटते, कारण तो सोडविताना बुद्धीला चांगला व्यायाम होतो. एका गटाला निर्गुडीचा गरम पाला, दुसऱ्याला तितक्याच गरम अशा दुसऱ्या निरुपद्रवी पानांचा शेक, तितकाच वेळ, त्याच हातांनी. म्हणजे उष्णता व सेवा दोहोंना सारखी मिळाली. फरक राहिला तो पानाचा. पण निर्गुडीचा वास कोण ओळखणार नाही? रोग्याला अंधारात ठेवणे कठीण. तेव्हा निदान वेदना मोजणारा तरी शेकाच्या वेळी दूर असावा. वेदना मोजण्यास शंभर मिलिमीटरची एक रेघ देतात. एका टोकास ‘काहीच दुखत नाही’, दुसऱ्या टोकास ‘याहून अधिक दुखणे शक्य नाही’. रोगी आपल्या दुखण्याची खूण रेघेवर करतो. त्याशिवाय तो किती पावले चालला, जिना चढला की नाही, रात्री झोप लागली का, याचीही नोंद ठेवावयाची. कोणाच्या कातडीला फोड आले काय, हेही त्याच वहीत लिहावयाचे. गुणाची नोंद ठेवून अवगुणाची न ठेवणे ही अर्धी परीक्षा होय.

इतका खटाटोप कोणासाठी? ज्याला दिवसभर लावणीच्या चिखलात वाकावे लागते त्याच्यासाठी, आणि जी म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठते तिच्यासाठी. बाजारातील वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांस इजा पोचू शकते. परसातील पाल्याने त्या गोळ्यांपैकी चार जरी कमी झाल्या, तरी ती मोठी कमाई होईल. उलट, न तपासलेल्या विश्वासाची किंमतही याच लोकांना मोजावी लागते. ‘शुद्ध झाडपाल्याची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड किंवा विलायती वेदनाशामक गुपचूप मिसळलेले वेळोवेळी उघडकीस आले आहे. अशा पुडीने दोन दिवसांत चमत्कार दिसतो. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पुडीवर घटकांची यादी व करणाऱ्याचा पत्ता नसेल, तर चमत्कार जितका मोठा तितका संशयही मोठा असावा.

तोपर्यंत घरी काय करावे? कातडी अखंड असेल तर बेताच्या उष्णतेचा निर्गुडीचा शेक घेण्यास सहसा हरकत नाही. मात्र मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाने भाजू नये म्हणून विशेष जपावे. पोटात अर्क किंवा काढा घेणे ही वेगळी गोष्ट आहे. ती जाणत्या वैद्याच्या सल्ल्यावाचून करू नये, गरोदर स्त्रियांनी व इतर औषधे चालू असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. घेत असल्यास डॉक्टरापासून लपवूही नये. सांधा एकाएकी लाल होऊन तापासह सुजला, दुखणे छातीत असले, रात्री वाढत गेले किंवा त्याबरोबर वजन उतरू लागले, तर शेकत बसण्यात वेळ दवडू नये. वेदना ही पुष्कळदा दारावरची हाक असते. ती बंद करण्याआधी बाहेर कोण आले आहे ते पाहिले पाहिजे.

पूर्वजांनी आपल्या हाती हजारो वनस्पतींची नावे व त्यांचे उपयोग ठेवले. ते सर्वच खरे नसतील आणि सर्वच खोटेही नसतील. खरे कोणते हे निवडून घेणे हे आपल्या वाट्याला आलेले काम आहे, आणि त्याची सुरुवात घरातील एका वहीपासूनही करता येईल. दुखणे केव्हा सुरू झाले, काय लावले, किती दिवसांनी उतरले, आणि काहीच लावले नाही तेव्हा किती दिवसांनी उतरले, हे तारखेसह लिहून ठेवा. अशा वहीने निर्गुडी सिद्ध होणार नाही, परंतु पुढच्या वेळी डॉक्टर किंवा वैद्य “कसे आहे?” असे विचारील, तेव्हा आपणांजवळ “बरे आहे” याहून नेमके उत्तर असेल.